अकरा दाणे

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जण
जंगलात जाऊन गुडघे टेकले.
प्रार्थना नव्हती ती.
उडत्या खारीच्या लेंड्या शोधत होतो.

तांदळाएवढ्या असतात, पिवळ्या,
हेल्वेबाईंनी सांगितलं.
चाळीस वर्षं गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं त्यांनी,
आवाजाला अजून खडू लागलेला आहे.
म्हाताऱ्या ॲस्पेनच्या बुंध्याशी बघा,
वर सुतारपक्ष्याची ढोली असेल तिथे.
गवत उगवलं की शोध संपला.
आणि हात लावायचा नाही. आधी मला हाक.

एस्टोनियाच्या या कोपऱ्यात
आमच्यापैकी कुणीच ती खार पाहिलेली नाही.
रात्रीची असते. डोळेच डोळे, आणि पंखासारखी ताणलेली कातडी.
पण कायद्याला ती दिसते.
दोनशे वर्षांचा स्प्रूस कायद्याला दिसत नाही,
आडव्या ओंडक्यावर वाढलेली रोपं दिसत नाहीत,
एंडेलची आई जिथे युद्धात दोन हिवाळे लपली
तो खड्डा तर नाहीच नाही.

झाडांना निळ्या फिती बांधून झाल्या होत्या.
यंत्र रस्त्याच्या टोकाशी, जानेवारीपासून,
जमीन गोठायची वाट बघत.
जमीन गोठलीच नाही.
बापाच्या वेळी या दलदलीवरून
ओंडक्यांची घसरगाडी मार्चअखेरपर्यंत जायची, एंडेल म्हणाला,
यंदा मला नाताळात डास चावला.
ज्या उष्म्याविरुद्ध आम्ही दारोदार सह्या मागत फिरलो
त्यानेच यंत्राचे पाय चिखलात धरून ठेवलेले.
त्याचे आभार मानायचे की काय, कळेना.
आम्ही भराभर शोधत राहिलो.

तिसरा दिवस. सशाच्या लेंड्या, पोतंभर.
बाकी काही नाही.
संध्याकाळी उर्मासनं खिशातून काडेपेटी काढली.
आत सात पिवळे दाणे,
चाळीस किलोमीटरवरच्या जंगलातून आणलेले.
कुणाला कळणार आहे, म्हणाला.
कुणीच काही बोललं नाही. खोटं कशाला सांगू,
माझा हात पुढे झाला होता.
हेल्वेबाईंनी अंगठ्यानं पेटी मिटली.
जिथून उचललेस तिथे ठेवून ये.
तिथल्या खारीचा पुरावा चोरलायस तू.
उर्मास पुटपुटत गाडीकडे गेला,
परतला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

पाचव्या दिवशी हाक आली ती आमच्यातून नाही.
यंत्रावरचा वेल्लो,
आठवडाभर पायरीवर बसून थर्मासातली कॉफी पीत
आमची मजा बघणारा,
लघवीला म्हणून झाडामागे गेला होता.
बाई, ओ बाई!
तसाच उभा, एक पाय उचललेला,
जणू पाय टेकवला तर छडी बसेल.
शेवाळावर अकरा.
कुणी अक्षता टाकून निघून गेल्यासारख्या.
पहिल्यांदा काहीतरी पाठ झालं तुझं, बाई म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ.
अर्जात माझं नाव घालू नका, वेल्लो म्हणाला. हप्ते आहेत.

माणसं आली, टेप आली,
त्या झाडाभोवती एक वर्तुळ निघालं.
आतल्या फिती आम्ही सोडल्या.
बाहेरचं सगळं ऑगस्टात गेलं.
यंत्र वेल्लोच चालवत होता,
दोरीपाशी आला की वळायचा.
आता त्या वर्तुळाला चारी बाजूंनी वारा लागतो.
ऑक्टोबरच्या वादळात कडेचे दोन स्प्रूस पडले.
जिंकलात का, असं तालुक्याच्या गावी विचारतात,
तेव्हा आम्ही बटाट्याच्या भावाबद्दल बोलतो.

या एप्रिलला पलीकडच्या पट्ट्यात फिती दिसल्या.
एंडेल हॉस्पिटलात, म्हणजे आम्ही आठ.
वेल्लो रजा टाकून आला, म्हणजे नऊ.
मागे उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता.
चष्मा आणलास का, बाईंनी विचारलं,
वळून न बघता,
गुडघ्याखाली पोतं सारत.