हातचा एक

चौदा टेबलं. मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी,
जाळीच्या अलीकडे आम्ही प्रतिनिधी :
गळ्यात बिल्ला, हातात शिसपेन्सिल, मोबाइल दारातच काढून घेतलेले.
नऊ नंबरचं टेबल माझं.
बाकीच्या तेरांवर पुष्करनचं कुणी नव्हतं.

पुष्करन, अनुक्रमांक सात, चिन्ह बादली.
तीस वर्षं सरकारी बोट चालवली त्यानं,
या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, भाताच्या बांधांना वळसे घालत,
समुद्राहून खाली असलेल्या आमच्या मुलखात.
निवृत्त झाला आणि म्हणाला, मत्तायी,
चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायचं पाणी होडीतून विकत येतं,
हे विधानसभेत कुणीतरी सांगायला हवं की नको?
मी म्हणालो, हवं.
एवढ्यावरच मी त्याचा प्रतिनिधी झालो.

सील दाखवतात. बटण दाबतात.
बीप वाजते आणि आकडे एकेक उगवतात.
चारशे बारा. तीनशे नव्वद. इथवर सगळ्यांचे श्वास जाळीला चिकटलेले,
मग पेन्सिली कानावर जातात, कुणी जांभई देतं,
आणि सातवा आकडा येतो
तो एकट्या माझ्यासाठी.
तीन. शून्य. पाच.
'यांपैकी कुणीही नाही' आमच्या कितीतरी पुढे.

चौथ्या फेरीत केंद्र एक्कावन्न : एक.
मी लगेच ओळखला. बदकांचा पोन्नप्पन.
मत गुप्त राहतं ते गर्दीच्या जिवावर,
एक हा आकडा इतका बारीक
की त्याच्यामागे माणूस लपत नाही.
पोन्नप्पन तिथे उघडाच उभा होता, लुंगी वर खोचून.

आठव्या फेरीत एकशे सात आलं,
आमची बालवाडी, माझंच केंद्र.
मी आधीच शून्य लिहून ठेवलं होतं.

लिहितो आता, इथे कोण वाचतंय.
त्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो,
आणि वाटलं, मत वाया का घालवा.
मोठ्या दोघांतला जरा कमी वाईट कोण, एवढंच पाहिलं.
बोट घसरलं नाही. मी नेलं.
महिनाभर बादली घेऊन दारोदार हिंडलो
आणि आपलं ओंजळभर पाणी
दुसऱ्याच्याच घागरीत ओतून आलो.

बीप. अनुक्रमांक सात : एक.

माझ्या शेजारचा म्हणाला, अरे वा, खातं उघडलंत.
मी शून्य खोडत बसलो. शून्य नीट खोडता येत नाही,
त्याच्या पोटातून एक आरपार काढावा लागतो.

बाहेर फटाके. चेंडा वाजत होता, बोटींना झेंडे लागलेले.
पुष्करन बदामाच्या झाडाखाली छत्री मिटून उभा.
एकूण दोनशे बारा, मी म्हणालो. अनामत गेली.
तो जरा वेळ हिशेब करत राहिला.
'शंभर माणसं बसायची माझ्या बोटीत.
म्हणजे दोन खेपा भरल्या,
आणि बारा जण धक्क्यावर राहिले.'
त्या बाराजणांचंच त्याला वाईट वाटलं असावं.

घरी एलिक्कुट्टी मागच्या पायरीवर मासे साफ करत होती.
महिनाभर म्हणत होती, तुमच्या बादलीला भोक आहे.
नखाच्या मुळाशी शाई, तिच्यावर एक खवला चिकटलेला.
'किती?'
'दोनशे बारा.'
'आणि बालवाडीत?'
'एक.'
तिनं खवले पाण्यात फेकले. बदकं धावली.
'म्हणजे तुमचंच,' ती म्हणाली, मान वर न करता.
मी हो म्हणालो.

तो कागद अजून खिशात आहे.
बेरीज बरोबर आहे, तीनदा ताडून पाहिली.
फक्त कोपऱ्यात, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात
हातचा एक लिहिलेला आहे,
आणि तो कुठे मिळवायचा
ते मला अजून समजलेलं नाही.