आडवा वारा

उजळाईवाडीला उतरताना
मी आधी विंडसॉक बघत नाही,
गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीची चिमणी बघते.
आप्पा तिथं भट्टीवर असतात, पहिली पाळी.
आज त्यांचा धूर उभा नाही,
उसाच्या तुऱ्यांवर आडवा पडलाय,
डावीकडून माझ्यावर.

शेजारी मकानदार सर, हात मांडीवर.
तो हात मांडीवरून उठला
की माझ्या पोटात गोळा येतो.

"नाक कुठंय तुझं?"
नाक चिमणीकडं, चाल पट्टीच्या रेषेवर.
मान वाकडी केलेला बैल
तास मात्र सरळ ओढतो, तसं येतंय विमान.
"आता सरळ कर. डावा पंख वाऱ्यात घाल,
उजवा पाय दाब.
दोन उलट गोष्टी एकदम करायच्या.
संसारात करतात तशा."
(त्यांचा मोडलाय, असं कँटीनचा धोंडिबा सांगत होता.)

डावं चाक टेकलं. एकटंच.
उजवं अजून हवेत,
लंगडी घालणाऱ्या पोरीच्या पायासारखं.
मग तेही.
मग नाक.
मी श्वास सोडला,
आणि त्याच्याबरोबर योकही.

झोत आला.
डावा पंख वीतभरच उचलला,
पण वीत पुरते.
सरांचा हात मांडीवरून उठला.
माझा आधी पोचला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग सर: "उतरलो म्हणून कुणी सांगितलं तुला?
दोर बांधेपर्यंत हे उडतंच असतं."

टोकाला वळलो, माघारी निघालो.
वारा आता उजव्या खांद्यामागून.
मी योक उजवीकडं न्यायला लागले.
"समोरनं आला तर त्याच्या अंगावर जायचं.
पाठीमागनं आला तर नाही.
त्याच्यापासनं लांब, आणि पुढं रेट."
म्हणजे डावीकडंच राहिला योक, मघासारखा,
फक्त पुढं सारलेला.
वारा तोच होता. वळलो होतो आम्ही.

ठोकळे. दोर. तीन गाठी.
हायवेला मोपेडवर
उसाची ट्रॉली घासून गेली
आणि माझा डावा खांदा आपोआप खाली झुकला.

फाउंड्रीच्या गेटवर आप्पा,
भुवयांत काळी पूड.
"कसं झालं?"
"तुमचा धूर लई आडवा हुता."
त्यांनी वळून चिमणीकडं बघितलं,
जरा वेळ, खरंच विचार करत.
"मालकाला सांगतो," म्हणाले,
"उद्या सरळ सोडा."