थांबायला झाड लागतं

डॉक्टरांनी साखरेच्या आकड्याभोवती लाल गोल काढला
आणि मी एकवीस गिअरची सायकल घेतली.
वर हेल्मेट, बाटली, पावलं मोजणारं घड्याळ.
सायकलवर पावलं कुठली,
पण दुकानदार म्हणाला, असू द्या.

रविवारी सहाला हरिपूरच्या रस्त्याला लागलो.
दोन्ही अंगाला चिंचा,
पाठीमागून पेठेतला हळदीचा वास,
मध्येच सुटणारा, मध्येच गाठणारा.

आधी नुसता आवाज आला,
पत्र्याच्या डब्यात कुणी वाटाणे घोळवावेत तसा.
मग वळणावर, चिंचेच्या फांद्यांत, एक माणूस दिसला.
पांढरी टोपी, तीन गुंड्यांचा शर्ट, आणि फिरणारे पाय.
त्याच्या खाली सायकल.
तिच्या खाली आणखी एक.

मागून, जमिनीलगत,
एक बाई झोपून येत होत्या.
सलूनची जुनी खुर्ची, मानेला उशी,
पाय पुढं, तोंड आभाळाकडं.
"मणक्याचं आपरेशन झालं. डॉक्टर म्हणले, आडवं पडून ऱ्हावा.
ऱ्हायलेय की."

आणि शेवटी पाठीला पाठ लावून दोघं.
दस्तगीर पुढं बघणारा, जैबुन मागं बघणारी,
मधली चेन इंग्रजी आठासारखी पिळलेली.
"भांडण झालं तरी येता येतं," जैबुन म्हणाली.
"तोंड बघावं लागत न्हाई."

माझी चेन नेमकी तेव्हा उतरली.
आक्काताई झोपल्या झोपल्या म्हणाल्या, "दुकानातली दिसतीय,"
आणि ते इतकं मायेनं म्हणाल्या
की मला सायकलीची कीव यायला लागली.

भूपालअण्णा उतरेनात.
फांदीला धरून वरूनच सांगत राहिले,
मागचा काटा ढकला, हां, आता पायडल उलटं.
"उतरत नाही का?"
"चढायला आणि थांबायला झाड लागतं मला.
म्हणून ह्या रस्त्याला येतो.
एकदा मोठ्या रस्त्यानं गेलो, झाडंच न्हाईत.
मिरजेपर्यंत जावं लागलं."

टपरीपाशीही चिंच होती, म्हणून चहा झाला.
अण्णा म्हणाले, "वरची फ्रेम माझी.
खालची पूर उतरला तेव्हा परसात चिखलात उभी होती.
तीन महिने दारात ठेवली. कोण मागायला आलं न्हाई.
मग म्हटलं, तू खाली ऱ्हा, मी वर."

माझ्या भावाची सायकल त्याच पाण्यात गेली.
हिरवी होती. कॅरिअरला डबा बांधायची तार.
मी वाकलो, नखानं रंगाखालचा रंग खरवडला.
निळा निघाला.
उठलो, चहा प्यालो, बिनसाखरेचा.

अण्णांनी ते बघितलं असावं.
"बसा की एकदा," म्हणाले.

दस्तगीरनं सायकल धरली, मी फांदी धरली,
मग दोघांनीही सोडलं.

शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
ऑइलपेंटची, शेजारी तारीख.
आजवर तिच्याकडं मान वर करून बघत गेलोय,
भाडं थकलेल्यानं मालकाकडं बघावं तसा.
आज ती कोपराला घासून गेली.
अर्ध्या जिन्यात दात घासणारा एकजण
अगदी डोळ्याला डोळा आला.
मी म्हणालो, नमस्कार.
त्याच्या तोंडात फेस होता.

मग दिसलं की इथून पुढं चिंचा तोडल्यात.
नुसते बुंधे, त्यांवर चुन्याचे आकडे.
माझ्या एकवीस गिअरवरून अण्णा ओरडत होते,
"ब्रेक नका दाबू! पाय फिरवत ऱ्हावा!"
खालून आक्काताई हसत होत्या,
त्यांना माझ्या चपलांचे तळवे तेवढे दिसत असणार.
आणि जैबुन, मागं बघत, मोठ्यानं सांगत होती,
"एक झाड होतं! गेलं!"

घड्याळात पावलं शून्य.
संगमाला पिंपळ आहे, असं कोणीतरी म्हणालं.