ळ आला तर ल

शाळा भरायला एकोणपन्नास दिवस होते.
चोंगबोइ सिस्टर रात्रपाळी करून आल्या,
बहिणीची पोरं माझ्या ओट्यावर सोडली,
म्हणाल्या, "बाई, एवढं यांना बोलतं करा,"
आणि क्वार्टरवर झोपायला गेल्या.

नेइकिम सात वर्षांची, मिनलुन पाच.
मणिपूरहून मिरजेपर्यंत चार गाड्या बदललेल्या.
सामानात एका कुकरचं झाकण.
कुकर नाही.

एकतीस वर्षं बालवाडी चालवली मी.
रडणारी, चावणारी, खडू खाणारी,
सगळी बसवली.
आधीच गप्प बसलेलं पोर कसं बसवायचं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

जुना तक्ता भिंतीला लावला.
आ आगगाडीचा, क कमळाचा, ग गाईचा.
घ पाशी मिनलुननं तळहात ठेवला, "इन."
मग बोट उचलून छपरावर, "मेइ."
संध्याकाळी सिस्टरना विचारलं.
इन म्हणजे घर.
मेइ म्हणजे आग.

दुसऱ्या दिवशी त्या चौकोनावर
दुधाच्या हिशोबाचा कागद डकवला
आणि वर घागर काढली. घ घागरीचा.
चित्र मला कधीच जमलं नाही,
बरंचसं वांगं झालं ते.
आगगाडीतही आग आहे
हे रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं.

आईबद्दल मी विचारलं नाही.
सिस्टर सांगतील तेव्हा सांगतील.

तो पेला, ती बादली, ते पाणी.
नेइकिमच्या डोळ्यांत प्रश्न. पाणी ते का?
आता काय सांगू, मला तरी कुठं ठाऊक.
ती म्हणे तुइ, मी म्हणे पाणी,
आणि दोघी एकाच तांब्यातून पीत होतो.

तिच्या आजीचं नाव वाहनेइ.
आजीचं नाव जिथं संपतं
तिथून नातीचं सुरू होतं त्यांच्यात.
म्हणजे भेंड्याच की गं!
पिढ्यान् पिढ्या चाललेल्या, कुणीच न हरलेल्या.
मग काय, आम्हीही बसलो खेळायला.
कप. पाट. टब. बस. सफरचंद. दार. रताळ.
रताळ्याला मी रताळ म्हणाले, चलाखी केली,
आणि तिच्यावर ळ आला.

ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही.
बाळात असतो, गुळात असतो, नळात असतो,
पण पहिल्या पाटावर त्याला कुणी बसवत नाही.
म्हणून लहानपणापासूनचा नियम आहे,
ळ आला तर ल घ्यायचा.
"ल," ती म्हणाली, जरा थांबून, "लाडू."
त्या दिवसापासून तिची "शाला"
मी दुरुस्त करायची सोडली.

मे महिन्यात एकदा सतारीच्या गल्लीत नेलं.
इलाहीचाचांच्या दुकानात वाळलेले भोपळे,
छतापासून उंबऱ्यापर्यंत.
मिनलुन एकेकावर टकटक करत फिरला.
नेइकिमनं कापलेल्या भोपळ्यात तोंड घातलं
आणि आतच म्हणाली, भोपला,
भोपला, भोपळा.
जीभ वळली की भोपळ्यानंच वळवली,
चाचा म्हणाले, "अल्ला जाणे,"
आणि पॉलिशचा हात पुसून पोरांना बेदाणे दिले.

जूनमध्ये शाळेच्या ऑफिसात
फॉर्मवर तीन रकाने होते.
नाव, वडिलांचं नाव, आडनाव.
सिस्टर पेन धरून बसून राहिल्या.
क्लार्कनं वर न बघता विचारलं,
"मुलीला मराठी येतं का?"

"येतंय की!"

हे "की" मी शिकवलं नव्हतं.
नळावर भरलं असणार.

मिनलुन अजून फारसा बोलत नाही.
झाकण दप्तरात मावेना,
म्हणून वेगळ्या पिशवीतून नेतो.