चिकटपट्टीवरचं नाव

मेट्रन बाईंनी विचारलं, किती दिवस आहात?
मी म्हणाले, आहे.
देवळाली कँपात यांच्या बदलीचा कागद
कुठल्याशा टेबलावर सहीवाचून पडलाय,
ते नाही सांगितलं.

बिल्ला छापून यायचाय.
तोवर चिकटपट्टीवर निळ्या पेनानं: सिस्टर गांगुर्डे.
बिटकोपासून चालत येते,
पांढरे बूट खड्ड्यांतून वाचवत.

घरी दोन पेट्या अजून बांधलेल्याच.
पोळपाट तेवढा काढला.

सात नंबरला दगूबाबा,
ओझरच्या कारखान्यात जन्मभर फिटर.
दोनदा टोचलं, शीर सापडेना,
माझीच बोटं गार पडली.
त्यांनी आपणहून मूठ आवळली:
"घाई कशाला पोरी? गाडी सुटतीय का तुझी?"

सुटतेय, बाबा.
तारीख तेवढी कळायचीय.

तिसऱ्यांदा नळीत रक्त चढलं,
मोहरीएवढं, लालभडक.
मी पट्टी लावली, घड्याळ धरलं,
मिनिटाला वीस थेंब.
बाहेर सिन्नरची एसटी भोंगा वाजवत गेली,
मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून.

ड्युटी संपली तेव्हा ते अर्धवट झोपेत होते.
"उद्या सकाळी कोण?"
उद्या ना?
उद्या मीच.