एक दिवा कमी

मी धंतोलीत दिवसभर लोकांचं रक्त वाचते.
रिपोर्टखाली सही माझी असते,
म्हणून कुणी नुसतं "चांगली आहे" म्हटलं
की मला शेजारचा रिकामा रकाना दिसतो.

रविवारी सकाळी आठला, मानकापूरच्या मैदानामागं
डोंगरवार काका गाडी धुऊन घेऊन आले.
चंदेरी. एमएच एकतीस. पुढं ताजी लिंबू-मिरची.
मागच्या काचेवर, आतून,
बारक्या बोटानं काढलेलं मांजर,
तेवढं पुसायचं राहिलेलं.

"घरची पोरगी समजा," काका म्हणाले,
"आजवर कुठी खरचटली नाही."

इकराम मिस्त्री काहीच बोलला नाही.
गाडीभोवती एक चक्कर, मग दारांवर टिचक्या.
टन्. टन्.
डाव्या दाराशी: ठप्प.
"पुट्टी आहे ताई. बोटभर जाड."

मी फोनवर नंबर टाकला.
दंड दोन, दोन्ही व्हेरायटी चौकातले, भरलेले.
मालक तिसरे. काका दुसरे म्हणाले होते.
मध्येच एका वर्षाचा विमा नाही,
जणू गाडी ते वर्षभर
कुणाच्या तरी शेडमध्ये आजारी पडून होती.

इकरामनं पट्टा शेवटपर्यंत ओढला.
पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ म्हणे तिथं सापडतो,
शेवटच्या वीतभरात.
गाळ नव्हता. मला उगाच हायसं वाटलं.
पण एका जागी वीण चकाकत होती,
गरम इस्त्री विसरून राहावी तशी.
"कोणीतरी जोरात अडकलं होतं याच्यात,"
तो म्हणाला, आणि पट्टा हळू आत सोडला.

"काका, चावी फिरवा. चालू नका करू. नुसती फिरवा."

दिवे लागले.
तेलाचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा,
आणि तो एक पिवळा, ज्याला सगळे नुसतं 'इंजिन' म्हणतात.
"आता मोजा," इकराम म्हणाला.
"एक माणूस बसलेला असते, पोटापुढं गोळा घेऊन.
चावी फिरली की लाल लागते, मग विझते."
आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो,
तीन डोकी, एक काच.
तो माणूस आलाच नाही.

"विझलेला आहे, म्हणजे बरंच ना?"
"नाही काका. विझायला आधी लागावं लागते."

हे मला ठाऊक होतं.
निगेटिव्ह, आणि नमुनाच न तपासलेला:
माझ्या रजिस्टरात दोन्हींना वेगळी शाई आहे.
तरी गाडीच्या बाबतीत
मी काकांसारखीच खुश होणार होते.

काकांनी मान हलवली, तेव्हा इकरामनं
स्टिअरिंगवरचं झाकण काढलं.
आत फुगा नव्हता.
एक मळका फडका होता, आणि कोंबलेला पेपर.
त्यानं तो मांडीवर सरळ केला.
कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव, आंबिया बहार,
वर तारीख, सहा वर्षांपूर्वीची.

काकांनी गाडी घेतली त्याला चार वर्षं झाली.
ते तारखेकडे पाहत होते. मग पुढच्या डाव्या सीटकडे,
जिथं उशीचा एक छोटा चौकोन होता,
खिडकीतून दिसावं एवढी उंची देणारा.
"वर्ध्याले जातो आम्ही दर पंधरवड्यात,"
ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना आलं नाही.

किंमत कुणीच काढली नाही.
मी पाच हजार कमी करून मागणार होते,
तो आकडा पर्समध्येच राहिला.

त्यांनी घरी फोन लावला.
"प्रणोती, गार्गीले आज ड्रॉइंगले ऑटोनं पाठव.
नाही, काही नाही झालं.
सांगतो ना, काही नाही झालं."

"मी नेतो गाडी गॅरेजला," इकराम म्हणाला,
"तुम्ही ताईच्या मागं बसा."

माझ्या डिक्कीत जास्तीचं हेल्मेट असतं, ते दिलं.
त्यांनी घातलं. हनुवटीखाली पट्टा लावला.
मी गाडी सुरू केली तरी ते बसेनात;
आरशात दिसलं,
पट्टा ओढून पाहत होते,
एकदा,
मग आणखी एकदा.