बारा पूर्णांक सहा

टॉडमॉर्डनच्या रेल्वेपुलाखाली
भाड्याच्या गॅरेजात, शटर अर्धं ओढून,
मी सीट काढून ठेवलीय रंगाच्या डब्यांवर.
शुक्रवारी उत्तरेला निघायचंय
आणि गरम जॅकेटचं सॉकेट
तीन आठवडे झाले, थंडगार.

मीटर म्हणतो बारा पूर्णांक सहा.
दर वेळी. शपथेवर साक्ष दिल्यासारखा.
जॅकेट जोडलं की चार.
काढलं की पुन्हा बारा पूर्णांक सहा,
जसं सांगलीहून फोन आला की मी म्हणते,
मजेत. तुम्ही कसे आहात?

म्हण उलटी झालीय.
आडात आहे, शिगोशीग,
पोहऱ्यात येत नाही.

आधी फ्यूज बदलला. मग रिले,
बिचारा टिक करून रोज हजेरी देत होता,
चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं.
मग ते निळ्या प्लास्टिकचे चिमटे,
तारेची कातडी चावून वीज पळवणारे,
एकेक उघडले. आत तांबं हिरवं पडलेलं,
कुणी न घासलेल्या पळीसारखं.
सहा कापले, सहा जोडांना कथलाचा डाग दिला,
एक बोट भाजलं.
बारा पूर्णांक सहा.

गाडी एरिक हेबलथ्वेटची.
एकोणीस वर्षं तो हिच्यात तारा ओवत राहिला,
धुक्याचे दिवे, रेडिओ, नकाशाचं यंत्र,
आणि प्रत्येकीला मास्किंग टेपची चिठ्ठी,
उभट अक्षरांत: हॉर्न. डावा दिवा.
एकीवर, ही कशाची आठवत नाही, काढू नये.
विकायच्या आधी मुलीनं सांगाड्याला नवा रंग देववला.
किंमत सांगताना गाडीकडे बघत नव्हती.

मागच्या सीटखाली एक जाड तार,
टोक कापून, तीन वेढे टेप गुंडाळून,
नीट दुमडून बांधलेली.
चिठ्ठीवर फक्त: मार्जरी.

मी जरा वेळ
दहाचा पाना शोधायचं सोंग करते.

शेजारच्या गॅरेजात शर्यतीची कबुतरं पाळणारा डेंझिल
दाण्याचा डबा घेऊन डोकावतो.
म्हणतो, येणारी तार किती वेळा तपासशील?
परतीची बघितलीस का?

इथे परतीच्या तारेला अर्थ म्हणतात.
मला हसू येतं. का, ते त्याला
सांगता येण्यासारखं नाही.

ओझं लादूनच मोजायचं असतं म्हणे.
जॅकेट जोडते. मीटरचं एक टोक
बॅटरीच्या निगेटिव्हवर,
दुसरं सॉकेटच्या काळ्या तारेवर:
आठ पूर्णांक दोन.
म्हणजे सगळी ऊब वाटेतच कुठेतरी उतरते.

काळी तार चिमटीत धरून मागे मागे,
टाकीखालून, मडगार्डाच्या आतून,
हात कोपरापर्यंत काळा होईतो.
शेवटी बोल्ट. बोल्टखाली कडी,
घट्ट, काही म्हणून ढिलं नाही.
आणि कडीखाली तो नवा रंग,
काळाभोर, ओरखडासुद्धा नसलेला.
लोखंडाला लोखंड बांधलेलं,
पण शिवलेलं नाही.
बोल्टच्या आट्यांतून झिरपेल तेवढंच.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा खरवडते.
करडं, उघडं लोखंड. बोटभर व्हॅसलीन.
पाना वळेनासा होईपर्यंत आवळते.
जॅकेट अंगात घालून
डब्यावर बसून राहते, गाडीला जोडलेली,
वरून मँचेस्टरची गाडी जाते, पत्रा थरथरतो,
आणि पाठीच्या मधोमध, हळूच,
कुणी तळहात ठेवावा तसं.

डावी बाही थंडच. ती उद्या बघू.

एरिकची शाई पुसट झालीय.
नवी पट्टी फाडून त्याच तारेवर चिकटवते,
मार्करनं लिहिते, देवनागरीत, मार्जरी,
र ला वेलांटी जरा लांब ओढून.
तार होती तशी दुमडून ठेवते.
सीट बसवते. चारही बोल्ट.

दहाचा पाना कुठेच दिसत नाही.
सीट परत काढते.